यथाशक्तीची मर्यादा

मोटारीच्या मागच्या चाकांच्या ब्रेक डिस्क आणि पॅड घरच्या अंगणात स्वतः बदलण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हा प्रश्न वरवर पाहता पाने-हत्यारांचा आणि खर्चाच्या बचतीचा वाटला, तरी ज्या कर्माच्या सिद्धीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे ते कर्म कोणी हाती घ्यावे, या धर्मविचारातील जुन्या प्रश्नाचेच ते आजचे रूप आहे. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची तबकडी, पॅड म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या घर्षणपट्ट्या, आणि कॅलिपर म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे ढकलून या पट्ट्या तबकडीवर दाबणारा सांगाडा. १२०० किलो वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबते, तेव्हा सुमारे ३ लाख ज्यूल इतकी गतीची ऊर्जा मुख्यतः या तबकड्या आणि पट्ट्यांमध्येच उष्णता होऊन जिरते. त्यात मागच्या चाकांचा वाटा पुढच्यापेक्षा कमी असतो, कारण थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो. म्हणून मागचे ब्रेक म्हणजे दुय्यम काम, असा समज रूढ आहे. तो समज धोक्याचा आहे, हे पुढे दिसेल.

कर्म करण्याची पात्रता कोणाला, याचा सर्वांत काटेकोर विचार भारतीय परंपरेत पूर्वमीमांसेने केला. वेदातील विधिवाक्यांचा अर्थ लावणारे हे दर्शन असून जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय सबंध याच विषयाला वाहिलेला आहे. तेथे ‘अधिकार’ म्हणजे हुकूमत नव्हे. कर्म करून त्याच्या फळाचा धनी होण्याची पात्रता, असा त्याचा अर्थ आहे. भाष्यकारांच्या परंपरेने ही पात्रता तीन अटींत बसवली: कर्त्याला त्या फळाची इच्छा हवी, म्हणजे तो अर्थी हवा, ते कर्म पार पाडण्याची शक्ती व साधने त्याच्याजवळ हवीत, म्हणजे तो समर्थ हवा, आणि कर्माचा विधी त्याला ठाऊक हवा, म्हणजे तो विद्वान हवा. या तीन अटींना शास्त्राने निषेध न केलेला, अशी चौथी अट जोडली गेली आणि तिच्याच आधारे शूद्रांना वैदिक यज्ञातून वगळण्यात आले. बादरी नावाच्या आचार्यांनी सर्वांनाच अधिकार असल्याचे मत मांडले होते, ही नोंद सूत्रांतच आहे, पण जैमिनीने ते स्वीकारले नाही. तरीही त्याच अध्यायात एक अपवाद मान्य करावा लागला, तो रथकाराचा, म्हणजे रथ घडवणाऱ्याचा. त्रैवर्णिकांबाहेरचा असूनही त्याला वर्षा ऋतूत अग्न्याधान, म्हणजे यज्ञाग्नीची स्थापना, करण्याचा अधिकार श्रुतीने दिल्याचे मीमांसकांना कबूल करावे लागले. जन्मावर आधारलेली चौथी अट आज सर्वस्वी त्याज्य आहे आणि बादरीचा पक्षच न्याय्य होता, याविषयी संदिग्धता ठेवण्याचे कारण नाही. परंतु ती अट काढून टाकल्यावर उरणाऱ्या तीन अटी मात्र निकालात निघत नाहीत. उलट त्या पहिल्यांदाच आपल्या खऱ्या अर्थाने लागू होतात. वाईच्या केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा मीमांसाकोश सिद्ध करून ही सारी चर्चा अभ्यासकांच्या हाती दिली. तिचा उपयोग यज्ञमंडपाबाहेर करून पाहण्यात त्या परंपरेचा अनादर होत नाही.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव या विचाराला योग्य ठिकाण आहे, कारण पात्रतेचा प्रश्न तेथे रोजच्या कामाचा आहे. मध्य प्रदेशाच्या सीमेजवळच्या या गावात मॅंगनीजची भूमिगत खाण असून ती नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉइल या सार्वजनिक कंपनीची आहे. १८९६ साली सुरू झालेल्या ब्रिटिश उद्योगाकडून १९६२ मध्ये स्थापन झालेल्या मॅंगनीज ओअर इंडिया या कंपनीकडे, म्हणजेच आजच्या मॉइलकडे, या भागातील खाणींचा कारभार आला. मॅंगनीजचा मुख्य उपयोग पोलाद आणि ओतीव लोखंड बनवण्यात होतो. ब्रेक डिस्कच्या करड्या ओतीव लोखंडातही ते थोड्या प्रमाणात असते आणि लोखंडातील गंधकाला बांधून घेऊन त्यापासून येणारा ठिसूळपणा टाळते. म्हणजे डिस्कच्या भरवशाला लागणारा एक घटक ज्या जातीच्या खनिजातून येतो, ते खनिज या गावाच्या पोटात आहे.

त्या खाणीत मात्र ‘जमेल तसे’ काम करण्याची मुभा कोणालाच नाही. १९६१ च्या धातुखनिज खाणविषयक विनियमांनुसार सुरुंग उडवणारा ब्लास्टर, कामावर देखरेख करणारा मेट आणि खाणीचा व्यवस्थापक या सर्वांना परीक्षा देऊन सक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते, आणि त्या परीक्षेला बसण्याआधी ठरावीक काळ प्रत्यक्ष खाणीत काम केलेले असावे लागते. सुरुंगानंतर छत तपासताना लोखंडी सळईने खडकावर ठोकून आवाज ऐकला जातो. भरीव खणखणीत आवाज आला तर खडक घट्ट आहे आणि भद्द आवाज आला तर तो सुटलेला आहे, असा निर्णय त्या एका ठोक्यावर होतो. हे ज्ञान पुस्तकात दोन ओळींचे आहे, पण ते कानात उतरायला जाणत्याच्या शेजारी उभे राहावे लागते. खाणीतून सुटी होऊन घरी आलेला हाच कामगार आपल्या गाडीचे चाक खोलतो, तेव्हा मात्र त्याला कोणी प्रमाणपत्र विचारत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम असुरक्षित स्थितीतील वाहन चालवणे किंवा चालवू देणे हा गुन्हा ठरवते. म्हणजे तेथे प्रश्न येतो तो गाडीच्या स्थितीचा. घराच्या अंगणापुरते तरी पात्रतेचा निर्णय करणारा, परीक्षक आणि परीक्षार्थी असा, तो स्वतःच उरतो.

मीमांसेचा एक भेद या ठिकाणी विशेष उजेड पाडतो. नित्य कर्म म्हणजे अग्निहोत्रासारखे आयुष्यभर करायचे कर्म, आणि काम्य कर्म म्हणजे विशिष्ट फळासाठी केलेले कर्म. नित्य कर्मात मुख्य भाग पार पडला आणि एखादे अंग, म्हणजे साहाय्यक कृती, शक्तीअभावी राहून गेले, तरी कर्म सिद्ध होते; तेथे यथाशक्ती पुरते. काम्य कर्मात मात्र सर्व अंगे पुरी झाल्याशिवाय फळ नाही, आणि ज्याला सर्व अंगे पेलत नाहीत त्याने ते आरंभूच नये, असा निर्णय सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात आहे. मराठी घरांतील बहुतेक धर्माचरण यथाशक्तीच्या उदार तत्त्वावर चालते आणि ते योग्यही आहे. खंडेनवमीला हत्यारांची व वाहनांची पूजा करताना फूल नसले तर अक्षता चालतात. त्याच हत्यारांनी ब्रेक खोलताना ही सवय आड येते. ब्रेकचे काम संपूर्णपणे काम्य कोटीतले आहे: त्याला एकच फळ अपेक्षित आहे आणि ते अंगे पुरी झाल्यावरच मिळते.

ही अंगे कोणती, हे मागच्या ब्रेकच्या बाबतीत जवळून पाहण्यासारखे आहे. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना ठोकळे लावून, केवळ जॅकवर न सोडता भक्कम स्टँडवर घ्यावी लागते. पुढच्या चाकाच्या कॅलिपरचा पिस्टन बहुधा सरळ दाबून मागे जातो. अनेक गाड्यांच्या मागच्या कॅलिपरमध्ये मात्र हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनच्या आतच आट्यांवर बसवलेली असते, त्यामुळे तो पिस्टन दाबत दाबत फिरवूनच मागे घ्यावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस शिकंजा लावून जोर करतो आणि आतली यंत्रणा बिघडवतो. बाहेरून काहीच दिसत नाही. हँडब्रेक बटणावर चालणारा असेल, तर आधी तो कंपनीने सांगितलेल्या दुरुस्तीच्या स्थितीत न्यावा लागतो. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नसतो, तर तारेने बांधून ठेवायचा असतो. हबवरचा गंज घासून काढला नाही तर नवी डिस्क केसभर तिरकी बसते आणि पेडलला हादरे येतात. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल पुसले नाही तर ते पॅडमध्ये शिरते. डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचायची असते, आणि डिस्क व पॅड एकाच आसावर दोन्ही बाजूंना जोडीने बदलायचे असतात, कारण दोन बाजूंची पकड सारखी नसेल तर गाडी एकीकडे ओढते. मागची चाके भलत्या वेळी जखडली तर गाडी शेपटाकडून फिरते. मागच्या ब्रेकला दुय्यम मानण्यातला धोका तो हाच.

प्रतिनिधीचा, म्हणजे विहित द्रव्याऐवजी दुसरे द्रव्य वापरण्याचा, विचारही मीमांसासूत्रांच्या त्याच तिसऱ्या पादात आहे. यज्ञासाठी सांगितलेली साळ मिळाली नाही तर तिच्याशी सादृश्य असलेले नीवार, म्हणजे तळ्याकाठी आपोआप उगवणारे देवधान, चालते. पण जे द्रव्य यज्ञाला निषिद्ध म्हणून सांगितले आहे, ते उडीद किंवा कोदो, कितीही सोयीचे असले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही. धानाच्या आणि तलावांच्या भंडारा जिल्ह्यातील वाचकाला हा भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ब्रेक ऑइललाही तोच नियम लागतो. डॉट ३ आणि डॉट ४ ही दोन्ही ग्लायकॉल जातीची ऑइले परस्परांशी जुळणारी आहेत. तरी डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू कोरडा असताना २३० आणि ओलावा शोषल्यावर १५५ अंश सेल्सिअस असतो, तर डॉट ३ चा अनुक्रमे २०५ आणि १४० अंश, म्हणून डॉट ४ सांगितलेल्या गाडीत डॉट ३ घालणे म्हणजे सुरक्षेतच तडजोड करणे होय. इंजिन ऑइल मात्र थेंबभरही चालत नाही, कारण त्याने ब्रेकमधली रबरे फुगतात आणि सारी यंत्रणा निकामी होते. मीमांसेने आणखी एक गोष्ट सांगितली आहे: यजमानाला, म्हणजे कर्माच्या धन्याला, प्रतिनिधी नसतो. काम गॅरेजमध्ये करून घेतले तरी त्याची विचारपूस करण्याचे दायित्व गाडीच्या मालकाचेच राहते.

तरीही एका मूलभूत ठिकाणी जुनी चौकट अपुरी पडते आणि ते मान्य केले पाहिजे. यज्ञाचे फळ यजमानाला मिळते आणि अंगलोपाचा तोटाही प्रामुख्याने त्यालाच होतो. ब्रेकचे फळ मात्र रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना मिळते: शाळेतून घरी निघालेल्या मुलाला, सायकलवरून पाळीला निघालेल्या कामगाराला. त्यांनी या कर्माचा संकल्प केलेला नाही आणि त्यातील चुकीला त्यांची संमतीही नाही. म्हणून मालकाची इच्छा, हौस किंवा काटकसर, म्हणजे मीमांसेतील अर्थित्व, एवढ्याने येथे अधिकार सिद्ध होत नाही. सामर्थ्य आणि विद्या या अटी येथे यज्ञाहूनही कडक व्हायला हव्यात. अशा कडकपणाने नवशिक्याला कधीच सुरुवात करता येणार नाही, असा आक्षेप येतो, पण त्याचे उत्तर चिखल्याच्या खाणीतच आहे: मेटच्या प्रमाणपत्राआधी जसा दुसऱ्याच्या हाताखालचा काळ असतो, तसा पहिला ब्रेक जाणत्या मिस्त्रीच्या समक्ष खोलावा. जन्माने, पदवीने किंवा दुकानावरच्या पाटीने मिळणारा हा अधिकार नाही. जो माणूस प्रत्येक अंग समजून पुरे करतो, आणि जे समजले नाही तेथे थांबून विचारतो, त्याला तो घरच्या अंगणातही आहे, मग तो कोणत्याही जातीचा असो, स्त्री असो की पुरुष.

शेवटचे अंग सर्वांत सहज विसरले जाते, म्हणून ते ध्यानात ठेवावे. पिस्टन मागे घेतलेले असल्यामुळे काम संपल्यावर पहिल्यांदा दाबलेले पेडल थेट तळाला जाते आणि त्या क्षणी गाडीला ब्रेक नसतो. चाकाचे नट ठरलेल्या जोराने आवळून झाल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल पुन्हा पुन्हा दाबून ते पायाखाली घट्ट लागते की नाही हे पाहावे, ब्रेक ऑइलची पातळी तपासावी, आणि पेडल घट्ट होत नसेल तर गाडी रस्त्यावर न आणता मिस्त्रीला घरी बोलवावे.