विकत घेणाऱ्याचा धर्म

महाभारताच्या आरंभी एक कुत्री येते आणि शेवटी एक कुत्रा येतो. शेवटचा कुत्रा सर्वांस ठाऊक आहे. त्याच्यासाठी युधिष्ठिराने स्वर्गाचा रथ नाकारला. आरंभीची कुत्री मात्र बहुधा विस्मरणात जाते. कुरुक्षेत्री जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचे पिल्लू तेथे आले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नव्हते, त्याला जीभही लावली नव्हती. तरी जनमेजयाच्या भावांनी त्यास मारले. ते रडत आईकडे गेले. सरमा यज्ञस्थळी आली आणि आपल्या निरपराध मुलास का मारले, एवढेच तिने विचारले. कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा अदृष्ट भय प्राप्त होईल असा शाप तिने दिला, आणि त्या शापाचे निवारण करू शकेल असा पुरोहित शोधीत तो राजा हिंडू लागला. कुत्रीच्या प्रश्नाला एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दारातच स्थान मिळाले आहे.

आजच्या गृहस्थाला हा प्रश्न एका अगदी साध्या प्रसंगी भेटतो. समजा, बेंगळुरूच्या जयनगरात राहणाऱ्या एका कुटुंबाने मुलांच्या आग्रहावरून कुत्र्याचे पिल्लू घेण्याचे ठरविले. शुद्ध जातीचे पिल्लू महाग, म्हणून किंवा दोन जातींचे गुण एकत्र मिळतील या आशेने, संकरित पिल्लू पसंत केले. फोनवर चित्रे आली. पिल्लू गोजिरवाणे आहे, विकणारा गोड बोलतो, पैसे पाठविले की पिल्लू घरपोच मिळेल असे सांगतो. या सर्व व्यवहारात एक प्राणी कोठेच दिसत नाही. तो म्हणजे पिल्लाची आई.

ती दिसत नाही याला कारण असते. लोभी पैदासकाराच्या घरी कुत्री माजावर आली की तिला दाखवायची, व्याली की पिल्ले काढून घ्यायची आणि पुन्हा पुढच्या माजाची वाट पाहायची, असा क्रम चालतो. पिल्लू जितके लहान तितके ते ग्राहकाच्या मनात लवकर भरते. म्हणून पाच आठवड्यांचे पिल्लू आठ आठवड्यांचे म्हणून दिले जाते. वास्तविक आईच्या व भावंडांच्या संगतीतच दात किती जोराने लावावा, हे ते शिकत असते. आधीच तोडलेले पिल्लू पुढे घरातल्या मुलांना चावले, तर दोष पिल्लावर येतो. कित्येकदा घरी आणल्यावर चार-सहा दिवसांतच त्याला रक्ताचे जुलाब होतात. कारण पार्व्हो रोगाचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तेवढाच काळ जातो. म्हणजे रोग विकणाऱ्याच्या घरीच जडलेला असण्याचा संभव मोठा असतो.

अशा व्यवहारात पाप कोणाचे? विकणाऱ्याचे, असे उत्तर चटकन येते. परंतु धर्मशास्त्राने हा प्रश्न इतक्या सोप्या रीतीने सोडविलेला नाही. मांसाच्या प्रकरणी मनूने प्रत्यक्ष मारणाऱ्याबरोबर अनुमती देणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही घातकांत गणले आहे. तत्त्व असे की, ज्याच्या द्रव्याने क्रिया चालते तो क्रियेबाहेर राहत नाही. पिल्लाचे मोल देणारा मनुष्य आईचा पिंजराही नकळत पोशीत असतो.

‘संकर’ हा शब्द कानी पडताच काही आस्तिकांच्या मनात गीतेचा पहिला अध्याय उभा राहतो. ती शंका येथे अप्रस्तुत आहे. तेथे शोकाकुल अर्जुन मनुष्यांच्या कुलांविषयी बोलत आहे. कुत्र्यांच्या पैदाशीला ते वचन लावणे म्हणजे शब्दाच्या साम्याने फसणे होय. संकर स्वतः चांगलाही नाही, वाईटही नाही. भिन्न जातींच्या मीलनाने कधी कधी संतती अधिक निरोगी होते, हे खरे. परंतु लॅब्राडॉर आणि पूडल या दोन्ही जातींत हळूहळू अंधत्व आणणारा एकच आनुवंशिक नेत्रविकार आढळतो, आणि आई व बाप दोघेही त्याचे वाहक असतील, तर संकर पिल्लाला वाचवीत नाही. म्हणून दोघांचीही तपासणी झालेली असावी लागते. खुब्याच्या सांध्यांची क्ष-किरण परीक्षाही तितकीच आवश्यक. ‘क्रॉस आहे, रोग होत नाहीत’ असे म्हणणारा मनुष्य एकतर अज्ञ असतो किंवा तो ग्राहकाला तसे समजतो.

याच संकराची कथा विचार करण्याजोगी आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात वॅली कॉनरन या गृहस्थाने हवाई बेटांतील एका अंध स्त्रीसाठी वाटाड्या कुत्रा तयार करण्याच्या हेतूने लॅब्राडॉर व पूडल यांचा संकर केला. त्या स्त्रीच्या पतीला कुत्र्याच्या केसांचा त्रास होत असे. हेतू निर्मळ होता. पुढे त्या नावाच्या पिल्लांचा जगभर बाजार भरला, कोणीही कसलीही तपासणी न करता ती पैदा करू लागले, आणि आपण हे आरंभिलेच नसते तर बरे, असा पश्चात्ताप कॉनरन यांनी उघडपणे व्यक्त केला.

आता खरी अडचण. गृहस्थ चौकशी करून विकणाऱ्याच्या जागी गेला. तेथे अंधारी खोली, ओली फरशी, कोपऱ्यात बरगड्या दिसणारी कुत्री, आणि अंगावर गोचीड भरलेले एक पिल्लू. पिल्लू त्याच्या पायाशी येऊन थरथरत बसले. आता याला येथे सोडून कसे जावे? युधिष्ठिराने आश्रिताला टाकले नाही. मग पैसे देऊन याला सोडवावे, हीच दया नव्हे काय?

या प्रश्नाकडे तुच्छतेने पाहता येत नाही. भूतमात्रांवरील दया ही दैवी संपत्ती आहे, आणि जिचा हात पिल्लाकडे जातो ती माणुसकीच आहे. परंतु अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण सांगताना भगवंतांनी ज्या गोष्टींच्या उपेक्षेकडे लक्ष वेधले आहे, त्यांत पहिला आहे अनुबंध, म्हणजे कर्माच्या मागोमाग येणारा परिणाम. आणि हिंसाही त्यांतच आहे. येथे अनुबंध काय? एक पिल्लू सुटले. विकणाऱ्याला कळले की रोगट पिल्लूही विकले जाते, किंबहुना ते अधिक लवकर विकले जाते. आणि कोपऱ्यातील कुत्रीच्या नशिबी आणखी एक वेत आले. युधिष्ठिराच्या पाठीमागे फक्त तो कुत्रा होता. येथे आश्रित दोन आहेत, आणि दुसरा दाराबाहेर येऊ शकत नाही.

म्हणून पैसे देऊ नयेत. हे उत्तर कठोर आहे. ते पिल्लू कदाचित जगणार नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु पैसे न देणे म्हणजे पाठ फिरविणे नव्हे. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदासकाराने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास मनाई आहे, आणि एका कुत्रीला वर्षाकाठी एकापेक्षा अधिक व आयुष्यात पाचांपेक्षा अधिक वेते घेण्याची मोकळीक नाही. हे नियम ज्या 1960 च्या कायद्यान्वये झाले, त्यामागे नृत्यविदुषी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेली खटपट आहे. मंडळाकडे, पोलिसांकडे, प्राणिरक्षक संस्थेकडे लेखी तक्रार करणे आणि तिचा पाठपुरावा करणे यात मूल्य देऊन मोकळे होण्याचा तो तत्काळ गोडवा नाही; श्रम मात्र पुष्कळ आहेत.

आणि चांगला पैदासकार ओळखावा कसा? तो नोंदणीचे प्रमाणपत्र मागण्याआधी दाखवितो, हे खरे. पण संकरित पिल्लाला ‘कुलाचे कागद’ देऊ करणाऱ्यापासून सावध असावे, कारण केनेल क्लब ऑफ इंडिया शुद्ध जातींची नोंद ठेवते. तो आई-बापांच्या तपासण्यांचे कागद देतो, ग्राहकालाच प्रश्न विचारतो (घरी दिवसभर कोण असते, फिरवायला कोण नेणार), आणि न जमल्यास पिल्लू परत घेण्याचे लिहून देतो. बहुधा तो थांबावयास लावतो. सर्वांत मुख्य म्हणजे, आई पिल्लांजवळ असते आणि मालकाचा आवाज ऐकून शेपटी हलविते की अंग चोरते, हे कोणालाही पाहता येते.

बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयातील आतकूरचा शिलालेख या संदर्भात आठवण्याजोगा आहे. दहाव्या शतकाच्या मध्यावर गंग राजा बुतुग याने पराक्रमावर प्रसन्न होऊन मणलेर नावाच्या वीराला वर मागण्यास सांगितले. त्याने राजाची शिकारी कुत्री काळी मागितली. रानडुकराशी झुंजताना काळी मेली, आणि तिच्या स्मरणार्थ आतकूरच्या देवळापुढे शिळा उभी राहून पूजेसाठी जमीनही लावून दिली गेली. हजार वर्षांनंतर त्या प्राण्याचे नाव वाचता येते. पिल्लू घ्यावयास गेलेल्या गृहस्थानेही विकणाऱ्यास आईचे नाव विचारावे. तिला नावच नसेल, तर पुढची चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

शिवाय पिल्लू विकतच घ्यावे असेही नाही. क्रिस्टल रॉजर्स यांनी 1991 मध्ये बेंगळुरूत स्थापन केलेल्या क्यूपासारख्या संस्थांकडे टाकून दिलेली कुत्री येत असतात. त्यांत हौसेने घेतलेली आणि नंतर नकोशी झालेलीही असतात. तीही न मिळाल्यास मुलांना पुढील वेतापर्यंत थांबण्यास सांगावे, आणि का थांबावयाचे तेही सांगावे.