तसबिरीची चौकट



तसबिरीची चौकट घरीही करता येते. लाकडी पट्टी, काच, पुठ्ठा आणि खिळे एवढे पुरे. पट्टीची टोके 45 अंशांत कापायची. चार कोपऱ्यांचे काप आठ. प्रत्येक काप एकाच बाजूला 1 अंश चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात 8 अंशांची फट पडते.

एवढे कष्ट आपण एका कागदासाठी घेतो का? नाही. इ. स. 787 मध्ये निकेआच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने शिकवले, की प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोहोचतो. मग जिवंतपणी न दिलेला मान पुढे तसबिरीला हार घालून भरून निघेल काय?

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात; म्हातारे आईवडील मागे राहतात. पोटासाठी जाणे हा दोष नव्हे. विसरणे हा दोष आहे. सहा महिने ज्यांची विचारपूस केली नाही, त्यांच्या तसबिरीची काच पुसून तो हिशेब मिटत नाही. तीही एक फटच.

चौकट अवश्य करू या. पण ज्यांचा फोटो तिच्यात बसवायचा, ते हयात असतील तर आधी त्यांच्याजवळ बसू या. दूर असतील तर आजच फोन करू या.