शंकासमाधान : यशयाचे पुस्तक कोणाचे?

शंका : आमच्या मंडळीच्या शास्त्राभ्यासात नवे पाळकसाहेब म्हणाले, यशयाच्या पुस्तकात चाळिसाव्या अध्यायापासून दुसराच संदेष्टा बोलतो. देवाला पारसाचा राजा कोरेश याचे नाव दीडशे वर्षे आधी सांगता येत नाही का? अशा वर्गाला बसावे का? – एक भगिनी

समाधान : ताई, देवाला सांगता येते. ते नाकारणाऱ्याशी माझे जमणार नाही. पण बहुतेक अभ्यासकांचा भर वेगळ्या गोष्टीवर आहे : संदेष्टा कोणाशी बोलतो आहे? पहिल्या भागात समोर इ.स.पू. आठव्या शतकातले यरुशलेम आहे. अश्शूरचा धाक, हिज्कीया राजा, इ.स.पू. 701 मधली सन्हेरीबची स्वारी. चाळिसाव्या अध्यायापासून ऐकणारे बाबेलच्या बंदिवासात आहेत आणि यरुशलेम ओसाड पडले आहे. ते ओसाड पडेल असे तिथे बजावलेले नाही. ते पुन्हा वसेल, हे सांत्वन आहे. कोरेशाचे नावही ओळखीच्या माणसासारखे येते. त्याने बाबेल घेतले इ.स.पू. 539 मध्ये. बाराव्या शतकातील यहूदी भाष्यकार इब्न एझ्रा यांनीही इकडे सूचकपणे बोट दाखवले होते. तेव्हा ही शंका केवळ आजच्या अविश्वासातून निघालेली नाही.

दुसरी बाजूही वजनदार आहे. देवाला ‘इस्राएलाचा पवित्र प्रभू’ म्हणणे दोन्ही भागांत वारंवार येते, इतरत्र क्वचित. योहानाच्या बाराव्या अध्यायात तर यशयाच्या त्रेपन्नाव्या आणि सहाव्या अध्यायांतली वचने लागोपाठ यशयाच्याच नावाने दिली आहेत. कुमरान येथे 1947 मध्ये सापडलेल्या यशयाच्या गुंडाळीत चाळिसावा अध्याय खंड न पडता, एकोणचाळिसावा जिथे संपतो त्याच स्तंभाच्या शेवटच्या ओळीवर सुरू होतो. मात्र ती गुंडाळी इ.स.पू. दुसऱ्या शतकातली आहे. तोवर हे एकच पुस्तक म्हणून वाचले जात होते, एवढेच तिच्यावरून ठरते.

माझे मत विचाराल तर दोन आवाज मला अधिक पटतात. त्यामुळे त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक माझ्यासाठी तसूभरही लहान होत नाही. उद्ध्वस्त झालेल्या लोकांत देवाने पुन्हा संदेष्टा उभा केला, यात त्याचा विश्वासूपणाच दिसतो.

वर्गाला अवश्य जा. आधी छत्तीस ते चाळीस हे अध्याय सलग वाचा, आणि योहानाच्या बाराव्या अध्यायाचे काय, हे पाळकसाहेबांना सर्वांसमोर आदराने विचारा. त्यांनी उत्तर टाळले, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.