दारात आलेल्या बाई

पनवेलमध्ये मतदारयादीचं काम निघालं की दारावरची बेल वाजवणारं माणूस पुष्कळदा शाळेतल्या बाई किंवा गुरुजीच असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शाळेबाहेरची कामं देऊ देतं. त्याच कायद्यात शिक्षकाचे आठवड्याला किमान ४५ तास धरलेत, पाठाच्या तयारीसकट. पण पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या सरकारी नोंदणीत शाळेची माहिती भरणं, फोटो पाठवणं, यात आधी तयारीचाच वेळ जातो. ज्या मुलाला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, त्याच्याजवळ बसायचा हा वेळ. तो त्या मुलाच्या हक्काचा आहे. म्हणून बाई दारात आल्या तर कागद तयार ठेवा, त्यांना लवकर वर्गात परतू द्या.