लिहिणं चालू असताना

घाई असेल तर आज हे काम नको. घरात कुणाची परीक्षा नाही, कुणाची ऑनलाइन मीटिंग नाही अशी एखादी सकाळ निवडा. राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर, बदलायला प्रत्यक्षात काही मिनिटंच लागतात. पण त्या मिनिटांच्या आधी भरपूर वेळ हाताशी हवा, आणि त्यातला बराचसा नुसता पाहण्यात जायला हवा. टेबल मोकळं करा. राउटर भिंतीवरून उतरवा, अँटेनांच्या बेचक्यातली धूळ कोरड्या फडक्यानं पुसून घ्या आणि तो समोर ठेवून बसा.

आता त्याला उलटा करा. खालच्या लेबलावर मॉडेलचं नाव आहे आणि त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात, हार्डवेअरची आवृत्ती. नाव सगळेच वाचतात. तुम्ही आवृत्तीचा आकडा दोनदा वाचा आणि कागदावर उतरवून ठेवा. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आला. २००५ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती निघाली. बाहेरून तोच डबा, तेच नाव, त्याच दोन अँटेना. आत मात्र फ्लॅश मेमरी ४ मेगाबाइटवरून २ वर आणि रॅम १६ वरून ८ वर आली होती, आणि लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स ही वेगळीच प्रणाली बसवलेली होती. चौथ्या आवृत्तीसाठी केलेलं फर्मवेअर पाचवीत मावतच नव्हतं. कळण्याची खूण एवढीच, लेबलावरचा एक आकडा. त्या आकड्यापाशी थोडं थांबा. इतकी वर्षं भिंतीवर असलेली वस्तू आपण आज पहिल्यांदा नीट वाचतो आहोत.

आणखी एक प्रश्न इथेच विचारून घ्या: हा डबा तुमचा आहे का? फायबर घेताना कंपनीनं बसवून दिलेला असेल तर बहुधा तो त्यांचा आहे आणि त्याला हात लावू नये. तुम्ही पैसे मोजून घेतलेला, आता कपाटात पडलेला किंवा दुसऱ्या खोलीत लावलेला राउटर या कामासाठी घ्या.

तो बिघडलेला नाही, हे मनाशी नीट धरा. त्याचा रेडिओ ठीक आहे, पोर्ट ठीक आहेत, ॲडाप्टर ठीक आहे. बनवणाऱ्यानं काही वर्षांनी नवं फर्मवेअर देणं थांबवलं, इतकंच झालं. पण त्यानंतर सापडलेली प्रत्येक सुरक्षेची फट त्याच्यात तशीच उघडी राहिली. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घुसखोर प्रोग्राम किमान ५४ देशांतल्या ५ लाखांवर उपकरणांत पोचल्याचं उघड झालं, आणि त्यातले बहुतेक असेच घराघरांतले आणि लहान कचेऱ्यांतले राउटर होते. धडधाकट वस्तू केवळ कुणी तिच्याकडे पाहत नाही म्हणून कचऱ्यात जावी किंवा परक्याच्या हाती लागावी, हे मला मनापासून खटकतं.

मग नवं फर्मवेअर येतं कुठून? जून २००३ मध्ये अँड्र्यू मिक्लस यांनी लिनक्सचं कर्नल लिहिणाऱ्यांना कळवलं की डब्ल्यूआरटी५४जी लिनक्सवर चालतो, पण त्याचा सोर्स कोड कंपनीनं दिलेला नाही. लिनक्सचा परवाना जीपीएल. तयार प्रणाली ज्याच्या हाती दिली त्याला तिचा कोडही मिळाला पाहिजे, ही त्याची अट. लिंक्सिस त्याच वर्षी सिस्को या नेटवर्क कंपनीच्या मालकीची झाली. कोडची मागणी वाढली आणि त्याच वर्षी तो खुला झाला. त्या कोडच्या आधारे जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला, आणि आज शेकडो मॉडेलांसाठी त्याची फर्मवेअर मिळतात. तुमचं मॉडेल त्या यादीत असेल, तर त्याचा अर्थ असा की कुणीतरी तुमच्यासारखाच राउटर विकत घेतला, त्याचे स्क्रू काढले, बोर्डावरच्या बारीक टोकांना तारा डकवल्या, तो सुरू होताना काय काय सांगतो ते ओळ न् ओळ वाचलं, आणि सापडलं ते सगळ्यांसाठी लिहून ठेवलं. त्या अनोळखी माणसाच्या चिकाटीचा क्षणभर विचार करा. तुम्ही आता तिच्यावरच विसंबणार आहात.

फाइल उतरवून घ्या. मूळ फर्मवेअरवरून पहिल्यांदाच जात असाल तर ‘फॅक्टरी’ नावाची, आधीच ओपनडब्ल्यूआरटी असेल तर ‘सिसअपग्रेड’ नावाची. कंपनीचं मूळ फर्मवेअरही उतरवून ठेवा, कारण एकदा राउटर बंद झाला की शोधाशोध करायला नेट नसेल. केबलवाल्यानं नेटच्या जोडणीसाठी (पीपीपीओई) दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड कागदावर घ्या. आयत्या वेळी ते कधीच सापडत नाहीत.

फाइलच्या सोबत ६४ अक्षरांची एक ओळ दिलेली असते. तुमच्या संगणकाला उतरवलेल्या फाइलची तशीच ओळ काढायला सांगा आणि दोन्ही ताडून पाहा. वाटेत फाइलमधला एक बिट जरी बदलला असेल, तर ही ओळ पार निराळी निघते. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळली की मन म्हणेल, झालं. तरी चौसष्टही जुळवा. बोट ठेवून, सावकाश. या साऱ्या कामात माणसानं खरोखर करायचं ते जवळजवळ सगळं इथे, बटण दाबण्यापूर्वी आहे.

आता डोळे मिटा आणि ज्या जागी हे लिहिलं जाणार आहे तिथे लक्ष न्या. बोर्डाच्या एका कोपऱ्यात फ्लॅश मेमरीची चिप आहे, बऱ्याच राउटरांत आठ पायांची, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची. ४ मेगाबाइटच्या चिपमध्ये ३ कोटींहून जास्त कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात एक इवलासा तुकडा, चहूबाजूंनी वीजरोधक थरानं वेढलेला. त्यावर इलेक्ट्रॉन नेऊन अडकवले की तो कप्पा शून्य म्हणून वाचला जातो. काढून घेतले की एक. वीज गेली, राउटर कपाटात पडून राहिला, तरी ते इलेक्ट्रॉन तिथेच राहतात. चिप बनवणारे सहसा २० वर्षांचं आश्वासन देतात.

एकाचं शून्य एकेका बिटापुरतं करता येतं. उलट जायचं, शून्याचं पुन्हा एक करायचं, तर एकट्या बिटाला ते जमत नाही. अख्खा ब्लॉक, बहुधा ६४ किलोबाइटचा, एकदम पुसावा लागतो. पुसलेल्या ब्लॉकमध्ये सगळीकडे एक असतो. इथलं कोरेपण एकानं भरलेलं आहे, आणि लिहिणं म्हणजे त्यात नेमक्या जागी शून्य उमटवत जाणं. इथे जरा रेंगाळा, घाई नाही. यातून एक गोष्ट निघते: जुन्या फर्मवेअरवर नवं अलगद चढत नाही. आधी पुसलं जातं, मग लिहिलं जातं, आणि त्या दोहोंच्या मधल्या वेळात तिथे जुनं राहिलेलं नसतं आणि नवं आलेलं नसतं.

हे सारं राउटर स्वतःच स्वतःवर करतो. चालू असलेली कामं एकेक करून बंद करतो, गरजेपुरती साधनं रॅममध्ये घेतो, आणि आजवर ज्या चिपवरून तो सुरू होत आला तीच चिप पुसायला घेतो. रॅममधलं सगळं मात्र वीज गेली की जातं. तेवढ्या वेळापुरतं राउटरचं जाणतेपण ॲडाप्टरच्या बारीक वायरीतून येणाऱ्या प्रवाहावर टिकून असतं.

म्हणून विजेची काळजी. वळिवाचा वारा सुटला असेल, दुपारी लाइट जाणार असल्याचा मेसेज आला असेल, तर उद्या. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर त्याच्या सॉकेटवर लावा. लॅपटॉप वायफायवर ठेवू नका. लॅन केबलनं थेट राउटरला जोडा आणि राउटरला येणारी इंटरनेटची केबल काढून ठेवा. फाइल निवडा. जुन्या सेटिंग राखायच्या का, असं विचारलं आणि तुम्ही कंपनीच्या फर्मवेअरवरून येत असाल, तर नाही म्हणा.

बटण दाबा. हात मांडीवर घ्या.

दिवे मालवतील. कदाचित सगळे एकदम पेटतील, मग एकच लुकलुकत राहील. समोरचं पान गोठल्यासारखं दिसेल. ते रिफ्रेश करू नका. थोड्या वेळानं मनात येईल की काहीतरी अडकलं. हा विचार येणारच. तो आला की त्याच्याकडे नीट पाहा. त्याच्यापाशी माहिती काही नाही, बोटांना काहीतरी करायला लावण्याची निकड तेवढी आहे. फाइल तुम्ही ताडली आहे, आवृत्ती वाचली आहे. आता राउटरला धोका उरला आहे तो वीज जाण्याचा आणि तुमच्या हाताचा. दहा मिनिटं जाऊ द्या. श्वास मोजायचे असतील तर मोजा, खिडकीबाहेर पाहायचं असेल तर पाहा. स्वतःच्या वस्तूचं सगळ्यात नाजूक काम चाललेलं असताना तिला हात न लावता तिच्याजवळ बसून राहणं आपल्याला फारसं कुणी शिकवलेलं नाही. मला तर या कामातलं खरं कसब तेच वाटतं.

आणि दिवे आलेच नाहीत तर? लोक म्हणतात, राउटर ब्रिक झाला, म्हणजे निव्वळ वीट. पण चिपच्या सुरुवातीच्या भागात बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो, आणि नेहमीच्या अपग्रेडमध्ये त्याला धक्का लावला जात नाही. घरात खायला दाणा नसला तरी शेतकरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही, तसा तो बाजूला राखलेला असतो. वीज येताच सर्वांत आधी तोच जागा होतो. डब्ल्यूआरटी५४जीमध्ये, तशी सेटिंग चालू असेल तर, तो १९२.१६८.१.१ या पत्त्यावर काही सेकंद थांबतो. त्या अवधीत टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीनं फर्मवेअर पाठवलं की ते तो घेतो. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत रिसेट दाबून धरून राउटर चालू केला की तो स्वतःच १९२.१६८.०.६६ या पत्त्याच्या संगणकाकडे फाइल मागायला येतो. तुम्ही आपल्या लॅपटॉपला तो पत्ता देऊन, फाइल तयार ठेवून बसायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीनं सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीबरोबर स्वतःचा राउटर काढला, तेव्हा सावरण्याची ही साधनं त्यांनी दुसऱ्या वेगळ्या चिपवर ठेवली आणि तिच्यावरून सुरू करण्यासाठी डब्यावर एक स्विच दिला. वर्षानुवर्षं लोकांचे अडकलेले राउटर सोडवताना जे कळलं, त्यातूनच असा स्विच सुचतो.

बहुतेक वेळा मात्र दिवा स्थिर होतो. लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ उघडा. वायफाय दिसत नाही म्हणून घाबरू नका. ओपनडब्ल्यूआरटी सहसा ते बंदच ठेवून येतं. पासवर्डही नसतो. पहिला पासवर्ड तुम्ही ठरवायचा, आणि तो ठरेपर्यंत हवेत काही सोडायचं नाही. मग देश निवडा, भारत. कुठल्या चॅनेलवर किती ताकदीनं प्रक्षेपण करायचं याचे नियम त्यावरून लागू होतात. मग नेटवर्कचं नाव. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिलात तर घरातले फोन आपसूक जोडले जातील.

संध्याकाळी एक गोष्ट आवर्जून पाहा. एकीकडे कुणी मोठा व्हिडिओ वर चढवत असताना दुसऱ्या खोलीत कॉल लावून बघा. राउटरमध्ये पॅकेट रांगेत साचतात. रांग लांबली की बोलण्याचे लहानसे पॅकेट व्हिडिओच्या ढिगामागे ताटकळतात आणि आवाज तुटतो. डेव्ह टॅट आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं याच रांगेवर काम केलं. एप्रिल २०२५ मध्ये ते गेले. त्या कामातून आलेली एफक्यू-कोडेल ही पद्धत प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र रांग देते, आणि ती आता तुमच्या राउटरमध्ये आहे. एसक्यूएम हे रांग सांभाळणारं पॅकेज घालून त्यात आपल्या लाइनचा वेग थोडा कमी करून लिहिलात, तर रांग कंपनीच्या उपकरणात न साचता तुमच्याकडे, तुमच्या देखरेखीखाली राहील.

कागद अजून टेबलावर असेल. त्यावर आजची तारीख आणि घातलेली फर्मवेअर आवृत्ती लिहून ठेवा, कारण काही महिन्यांनी पुढची येईल. आणि तुमच्या मॉडेलच्या नोंदींत जे दिलेलं नव्हतं असं काही आढळलं असेल, म्हणजे रिसेट किती सेकंद दाबावं लागलं, कुठला दिवा कधी लागला, तर तेही त्या प्रकल्पाकडे कळवा. तुमच्याच आवृत्तीचा राउटर घेऊन बसलेल्या कुणाला ते हवं असणार.