वयाचं निमित्त

"वय झालंय त्याचं, भूल सोसायची नाही." मोत्याचा जबडा मोडला त्या आठवड्यात हे वाक्य मी पाच-सहा जणांना ऐकवलं. पॉमेरेनियन कुत्रा, वय 13. कुणी हरकत घेतली नाही.

रविवारी नळीचं हाड मीच टाकलं होतं. कडकन वाजलं, मोत्या केकाटला आणि खालचा जबडा एका अंगाला लोंबायला लागला. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, तेव्हा कळलं की हाड नुसतं निमित्त. लहान चणीच्या कुत्र्यांत खालची मोठी दाढ जबड्याच्या मानानं फार मोठी. तिची मुळं थेट खालच्या कडेपर्यंत उतरलेली. दातांवर कीटण चढतं, हिरडी सडते, मुळांभोवतीचं हाड झिजत जातं. मग उरलेला पापुद्रा कशानंही मोडतो, अगदी दाढ काढतानासुद्धा.

त्याच्या तोंडाला तीन वर्षं वास येत होता. आम्ही त्याला दारातून उठवून ओट्याच्या टोकाला बसवलं. एवढाच आमचा उपाय.

शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात न्या, डॉक्टर म्हणाले. सडके दात काढून तार किंवा प्लेट बसते का, ते बघतील. आमच्या कोऱ्हाळ्यातून नीरा, लोणंद, शिरवळ. सकाळी निघून संध्याकाळी परत यावं असा रस्ता. पण ऊसतोडीची टोळी फडात शिरली होती. हे कारण मी बोललो नाही, वय बोललो. वय म्हटलं की समोरचा मान हलवतो, पुढचं विचारत नाही.

त्याच वर्षी आमच्या आण्णांचा खुबा मोडला, 81व्या वर्षी. भूल सोसेल का, हे तेव्हाही विचारलं. पण डॉक्टरांना विचारलं. रक्त, हृदय, मूत्रपिंड तपासून त्यांनी ठरवलं. कुत्र्याचंही तसंच ठरवतात. मोत्याच्या वेळी मी प्रश्न न विचारताच उत्तर देऊन बसलो.

शेवटी चिकटपट्टीचं मुसकं केलं, जीभ बाहेर येईल एवढी फट ठेवून. भाताची पेज, दूध. पाच महिने तो ती चाटत राहिला. जबडा सांधला नाही. वैशाखात गेला.

पुढे कळलं की इतक्या झिजलेल्या हाडात स्क्रूला पकड मिळत नाही, तार बांधायला धड दात उरलेले नसतात. ऑपरेशन करूनही सांधा धरला नसता, असं होऊ शकतं. ऐकून बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. कारण निर्णय घेताना यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं.

नुकताच गोठ्यातल्या चंपी कुत्रीचा ओठ वर करून पाहिला. मागच्या दाढांवर पिवळा थर आहे, हिरडी लाल आहे. डॉक्टरांना फोन लावणार होतो, तेवढ्यात पाण्याची पाळी आल्याचा निरोप आला. उद्या लावतो म्हटलं. त्याला आज चार दिवस झाले.