गोरोबाकाकांचे थापटणे

बाजारात मडके घेताना आपण काय करतो? नुसता वरचा रंग पाहून कोणी पैसे टाकीत नाही. बोटाच्या पेराने दोनचार ठिकाणी टिचकी मारतो आणि कान जवळ नेतो. खणखणीत वाजले तर मडके घरी येते, बद्द वाजले तर मुकाट्याने खाली ठेवतो. चांदीचे रुपये चालत होते तेव्हा सावकारही नाणे दगडावर वाजवूनच पेटीत टाकी. डोळ्याला चुकलेली चीर कानाला सापडते.

तेरचे गोरोबाकाका तर जातीचे कुंभार. संतमंडळी जमलेली असता मुक्ताबाईंनी त्यांच्या थापटण्याची चौकशी केली, आणि काकांनी ते उचलून एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले, ही कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. बाकी सारे स्वस्थ बसले. नामदेवराय तेवढे रागावले आणि कच्चे ठरले. हा प्रसंग आम्ही कीर्तनात किती वेळा सांगितला याची गणती नाही. नामदेवरायांचे रुसणे रंगवून सांगावे, मंडळींनी पोट धरून हसावे, आम्हालाही बरे वाटावे. थापटणे आपल्या डोक्यावर बसले म्हणजे काय होते, हे मात्र कळले नव्हते.

आमच्या मठाचा सभामंडप ३५ वर्षांपूर्वी बांधला. देखरेख आमचीच होती. सप्ताह तोंडावर आला म्हणून यंदा आम्ही छताला तैलरंग द्यायचे ठरविले. एका दात्याने पैसे दिले, दिंडीतल्याच एका गवंड्याला बोलावले. ते घोडीवर चढले, पापुद्रे खरवडले, आणि हातोडीने छत ठोकू लागले. खाली मुलांचा हरिपाठ चालला होता. ते म्हणाले, "बुवा, मृदंग जरा थांबवा. मला ऐकू येत नाही."

मृदंग थांबला. छत टण टण वाजत होते. मग एके ठिकाणी आवाज बसला. बद्द. पुन्हा टण. पुन्हा बद्द. मिस्त्रींनी खडू काढून त्या जागेभोवती वर्तुळ ओढले. संध्याकाळपर्यंत अकरा वर्तुळे झाली, आणि सर्वांत मोठे नेमके विणेकरी उभे राहतात त्या जागेवर!

आम्ही रागावलो. लपवून काय करायचे? "मिस्त्री, तुम्हाला रंगाला बोलावले आहे, खोड्या काढायला नाही," असे आम्ही चारचौघांत बोललो. ते घोडीवरून उतरले आणि म्हणाले, "माउली, रंग लावतो म्हणाल तर लावतो. पण त्याखाली मी माझं पोर बसवणार नाही."

त्या रात्री झोप आली नाही. कारण आम्हाला आतून ठाऊक होते. स्लॅब पडला तेव्हा एकादशीला उद्घाटन धरले होते. नव्या काँक्रीटला निदान आठवडाभर पाणी धरावे लागते, आम्ही तीन दिवसांत फळ्या धुऊन नारळ फोडायची तयारी केली. सळईखाली ठेवायच्या गिट्ट्याही पुरेशा नव्हत्या. कोणीतरी म्हणाले होते, आम्हीच 'चालेल' म्हटले. कोवळ्या काँक्रीटला पाणी मिळाले नाही म्हणजे ते सच्छिद्र राहते. वरून गच्चीचे पाणी झिरपते, हवा शिरते, सळई गंजते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा मागतो. तो फुगतो आणि सळईखालचा थर खाली रेटतो. थर सुटतो, पण लगेच पडत नाही. खालून पाहावे तर छत सपाट, पांढरे, सोज्ज्वळ. आत मात्र हवेची फट. हातोडी मारली की तो सुटलेला थर ढोलकीच्या पुडीसारखा वेगळाच थरथरतो, म्हणून आवाज बसका येतो. घट्ट भाग मात्र टणकन उत्तर देतो.

या विद्येला मर्यादा आहेत, हेही मिस्त्रींनीच सांगितले. वरवरची पोकळी तेवढी सापडते, खोल दोष हातोडीला ऐकू येत नाही. शिवाय एकच ठोका काही सांगत नाही, शेजारच्या चांगल्या जागेचा आवाज कानात असावा लागतो. आमच्या मृदंगमण्यांना हे निराळे सांगावे लागले नाही. पुडीच्या कडेने घर घर वाजवीत जाऊन उतरलेले घर ते असेच हुडकतात.

वैद्यकातही हेच आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ साली रोग्याची छाती बोटांनी ठोकून आतले पाणी ओळखण्याची रीत पुस्तकात मांडली. त्यांचे वडील खानावळवाले. पिंप ठोकून आत किती भरले आहे ते पाहण्यावरून मुलाला हे सुचले, असे सांगतात. निरोगी छाती जाड कापड घातलेल्या नगाऱ्यासारखी वाजते, असे त्यांनी लिहिले. पण त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १८०८ साली कोर्व्हिझार यांनी फ्रेंच भाषांतर केले तेव्हा जग ऐकू लागले, आणि १८०९ साली आउएनब्रुगर वारले. ठोकणाऱ्याच्या वाट्याला हे यायचेच. आमच्या मिस्त्रींना तर एकच रात्र थांबावे लागले.

त्या रात्री नामदेवराय आठवले, आणि प्रथमच हसू आले नाही. रागावले तरी ते तेथेच रुसून बसले नाहीत. पांडुरंगाकडे गाऱ्हाणे नेले, तेथेही तोच निवाडा मिळाला, तेव्हा उठून औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. कच्चे मडके कुंभार फेकून देत नाही, भट्टीत घालतो. ज्या देवाशी ते रोज बोलत त्यानेच त्यांना दुसऱ्याच्या पायाशी धाडले. आपले डोके आपल्याला वाजवून पाहता येत नाही. वाजविले तरी ऐकणारा कान आपलाच, आणि तो आपल्या बाजूचा.

सकाळी आम्ही मंडळींपुढे स्लॅबची सगळी हकिगत सांगितली, गिट्ट्यांसकट. एकदोघे उठून गेले. दात्यांना पत्र लिहिले की आपला पैसा रंगाला लागणार नाही. सप्ताह शेजारच्या शेतात ताडपत्रीखाली झाला. दोन दिवस पाऊस लागला, पंगती चिखलात बसल्या, बोलणी खाल्ली.

नंतर टेकू लावून काम सुरू झाले. विण्याच्या जागेवर छिन्नीचा पहिलाच घाव बसला आणि परातीएवढी ढलपी खाली आली. आतली सळई बोटाने चुरली. गंज घासून काढला, खाल्लेल्या सळया बदलल्या, नवा थर भरला, आणि या वेळी पाणी पुरते धरले.

काम संपल्यावर मिस्त्रींनी पुन्हा सबंध छत ठोकले. मृदंग आम्हीच थांबवून ठेवला होता. खिडकीजवळ ते थबकले, दोनदा ठोकले आणि एक लहानसे वर्तुळ काढले.

"आता काय, मिस्त्री?" आम्ही विचारले.

"काही नाही बुवा. संशय आहे. कार्तिकीहून आल्यावर परत बघू."

ते वर्तुळ अजून आहे. त्यावर रंग लावू दिलेला नाही.